रिकाम्या खिळ्याचा फोटो

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. आई-बापूजींच्या लग्नात फोटोग्राफरने दिवसभर फ्लॅश उडवले आणि कॅमेऱ्यात रोल घालायचाच विसरला. तेव्हापासून तो खिळा लग्नाच्या फोटोसाठी राखीव. बापूजींनी एकदा तिथे कॅलेंडर टांगलं, तर आईने ते काढून त्यांच्या हातात दिलं आणि बरेच दिवस ती त्यांच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलली.

यंदा लग्नाला पन्नास वर्षं झाली. बापूजींनी ठरवलं, एआयकडून लग्नाचे फोटो करून घ्यायचे. मग तरी आईचे टोमणे थांबतील, ही त्यांची भाबडी आशा. आठवडाभर ते गच्चीत बसून मोबाइलशी बोलत होते, कळमन्याच्या बाजारात आपल्या मिरचीच्या अडतीवर हमालांशी बोलायचे तसे. शेवटी सगळे फोटो एका वेबसाइटवर चढवून त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली.

"चित्राखाली आपण दिलेल्या सूचनाही दाखवायच्या का, असं इचारलं त्या वेबसाइटनं. मी हो म्हटलं," ते मला म्हणाले.

"काहून पण?"

"पोत्याचं तोंड उघडल्याबिगर मी जिंदगीत मिरची इकली नाही, अपेक्षा बेटा. आता काय झाकून ठेवू?"

फोटो बघायला कुणाला सवड होती? अख्खं खानदान खालचा मजकूर वाचत बसलं. 'नवरदेवाचं पोट कमी कर. अजून कमी. अरे, माणूस दिसू दे गा.' 'नवरीच्या काकाले मांडवातून काढ. त्यानं बुंदीले नावं ठेवली होती.' हे काका हयात आहेत आणि ग्रुपवर आहेत. म्हणजे, ग्रुपवर होते.

आईला बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे ती फोटोतल्या देखण्या नवरीवर खूश होती. तेवढ्यात लकडगंजहून पार्वतीमावशीचा फोन आला. "पंचफुला, दाताचं वाचलं का वं?"

आईचा समोरचा एक दात आडवा आहे. जन्मभर ती हसताना तोंडावर पदर धरत आली. आमच्या अल्बमात तिचं हसू कुठेही नाही, आणि त्यावरून घरात कुणी चेष्टा करत नाही. तिने फोन ठेवला आणि बापूजींसमोर जाऊन उभी राहिली.

"साऱ्या सोयऱ्यायले माहा दात दाखवला तुमी? मी का पोत्यातली मिरची होय?"

बापूजींचा चेहरा उतरला. "काढून टाकतो," म्हणत ते मोबाइलवर बोटं मारत राहिले, पण त्यांना ते जमेना. आईने मोबाइल हिसकावून माझ्या हातात दिला. "वाच वं. काय लिहिलं ते मले तरी समजू दे."

मी भीतभीत वाचायला लागले. 'हे नवरी माही नाही. हिचे सारे दात एका रांगेत आहेत. समोरचा एक आडवा कर.' पुढच्या चित्राखाली, 'आडवा म्हटलं, तोडाले नाही सांगतलं.' त्याच्या पुढे, 'अरे बाबा, पाहाले गेलो तवा ते हसली अन् तो दात दिसला, म्हणून तर मी हो म्हटलं. तो नसन तर फोटो काय कामाचा?' आणि शेवटच्या चित्राखाली एवढंच, 'तुह्यानं होत नाही. राहू दे.'

मला रडूच आलं. बापूजी पंख्याकडे बघत होते.

"मले कधी सांगतलं काहून नाही?" आईने विचारलं.

"तू इचारलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन फ्रेमवाल्याकडे गेली. मोबाइलमधल्या सडपातळ नवरदेवाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा कोण माणूस होय?" फोटो तिने एकही घेतला नाही. 'अरे बाबा'पासूनचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि स्वतःच्या हाताने त्या खिळ्यावर टांगला.

लग्नाच्या पन्नाशीच्या कार्यक्रमाच्या दिवशी दोघांना त्या फ्रेमखाली उभं करून मी मोबाइल धरला. बापूजींनी पोट आत घेतलं. आई हसली, आणि पदर खांद्यावरच राहिला.