एक जानेवारीच्या मुली

रुखमाने भाताच्या तणसाचा चौथा भारा मागच्या खोलीत आणून आपटला, पायाने सारखा केला आणि त्यावर गोधडी अंथरली. कुंता दारात उभी राहून बघत होती.

"चौघी मावतीन ना?" रुखमाने विचारले.

"गुरुजीच्या घरी सतरंजी होती," कुंता अंगणात बांधलेल्या गाईकडे बघून म्हणाली.

कुंताला जे सांगायचे असे ते ती गाईला सांगे. डोमाची दुसरी बायको म्हणून रुखमा या घरात आली त्याला दोन वर्षे होत होती, पण नऊ वर्षांची ही पोर तिला कशानेच हाक मारीत नसे. फारच अडले तर 'अवो'. भैयाजी गुरुजींनी आपल्या मुलीचा वाढदिवस केला, मैत्रिणींना रात्री ठेवून घेतले, तेव्हापासून गाईला दुसरे काही ऐकायला मिळाले नव्हते. शेवटी रुखमाच कुंताचा जन्मदिवस विचारायला शाळेत गेली. गुरुजींनी रजिस्टर उघडून सांगितले, एक जानेवारी. डोमाला विचारण्यात अर्थ नव्हता. "थंडी होती, का ऊन होतं बापा," एवढेच त्याला आठवे. आणि आता तर तो बैलबंडीत धान घालून वडशाच्या बाजाराला गेला होता, म्हणजे तिथले रात्रभराचे नाटक पाहिल्याशिवाय परतणार नव्हता.

दिवेलागणीला तिघी आल्या, आपापली पांघरुणे डोक्यावर घेऊन. शेजारची गोकुळा, मनसारामची इंदिरा आणि जंगलाकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली बुधरी. घरभर झिंग्यांच्या भाजीचा वास सुटला होता. गुळाची खीर उतरवून रुखमाने कुंताला पाटावर बसवले आणि ओवाळायला ताट उचलले, तोच गोकुळा म्हणाली,

"अवो काकी, आज तं माहाबी दिवस हाये!"

"माहाबी," इंदिरा म्हणाली. "गुरुजीनंच सांगतलं."

बुधरी हसत सुटली. "गुरुजीनं सगळ्याईचा तोच लिवला, काकी. एक जानेवारी, एक जानेवारी, एक जानेवारी!"

रुखमालाही हसू फुटले. "घ्या! मंग बसा सगळ्याजणी. मले काय, चार वेळा ओवाळीन."

कुंता मात्र पाटावरून उठली.

"हा खोटा दिवस हाये."

"खोटाच तं हाये," बुधरी म्हणाली. "मी मोहफुलाच्या दिवसात झाली. माय फुलं येचून राह्यली होती. टोपलीतल्या फुलाईवरच ठेवलं मले."

"मी तलावाच्या पाळीवर झाली," गोकुळा म्हणाली. "माय सांगते, हातातलं जाळं खाली ठेवाले फुरसत नाई देल्ली मी."

"मी झाली तवा आमच्या आंगनात वाघ आलता," इंदिरा म्हणाली. ते कोणालाच खरे वाटले नाही.

मग तिघींनी कुंताकडे पाहिले. "अना तू?"

कुंता निरांजनाच्या वातीकडे बघत राहिली.

"तिले कोन सांगन?" गोकुळा हळूच म्हणाली. "तिची माय तं तवाच गेली."

रुखमाच्या तोंडाशी आले होते की सांगावे काहीतरी. पुनवेची रात्र म्हणावे, कोंबडा आरवला म्हणावे. कोण विचारणार होते? तिने ताट खाली ठेवले.

"तू झाली तवा मी इथी नव्हती," ती म्हणाली. "मले त्या दिवसाचं काईच ठाऊक नाई. मी या घरी आली तो दिवस ठाऊक हाये. संक्रांतीच्या दोन दिवस पहिले. धान चुरून झालं होतं अना तू तणसाच्या ढिगावर बसली होती, लाखोळीच्या शेंगा खात. मले पाहून इचारलं, 'राह्यशीन का जाशीन?' मी म्हटलं, राहीन. तं अर्ध्या शेंगा मले देल्ल्या. त्यातल्या दोन किडक्या होत्या."

बुधरी खुदकन हसली. कुंता हसली नाही.

"खीर थंडी होऊन राह्यली," ती म्हणाली. या वेळी मात्र गाईकडे न बघता. आणि परत पाटावर बसली.

त्या रात्री मागच्या खोलीतली खुसखुस बराच वेळ ऐकू येत होती. मुली झोपेत बोलल्या तरी माय म्हणतात. रुखमा आपली पडल्या पडल्या त्या एका शब्दासाठी कान देऊन होती. असे कान देण्याची तिला दोन वर्षांची सवय होती, आणि त्याची लाजही वाटे.

सकाळी चौघी धावतच शाळेत गेल्या आणि कुंताची पाटी घरी राहिली. रुखमा ती घेऊन निघाली. शाळेच्या पडवीशी पोचली तेव्हा आतून कुंताचा आवाज आला.

"गुरुजी, माहा दिवस खोडा. एक जानेवारी नाई तो."

"रजिस्टरात खोडता येत नाही, पोरी."

"मंग बाजूले लिवा. संक्रांतीच्या दोन दिवस पहिले."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मायनं."

रुखमा आत गेली नाही. पाटी उंबऱ्यावर टेकवून ती भराभरा घरी आली. रात्रीचे तणस गाईपुढे टाकायचे तिने ठरवले होते. गाय मान पुढे करून हंबरत होती.

"थांब बापा, तुले दुसरं देतो," रुखमा तिला म्हणाली.

मागच्या खोलीत जाऊन तिने ते तणस गोळा केले, चार भारे बांधले आणि माळ्यावर चढवून ठेवले. दहा दिवसांनी चौघींना परत लागणार होते.