भाकरीचा डबा घरीच राहिला

मित्रांनो, वयानं साठीच्या जवळ आलेला आणि अंगभर पोचे पडलेला मी एक भाकरीचा डबा आहे. मी जर्मनचा आहे. जर्मन म्हणजे तो देश नव्हे. अॅल्युमिनियमच्या भांड्याला आमच्या वऱ्हाडात जर्मन म्हणतात. माझ्या झाकणाला एक कडी आहे आणि पोटात सहा भाकऱ्या, चटणी आणि दोन कांदे मावतात. इतर डबे आपल्या आत्मवृत्तात रडतात की आम्हाला माळ्यावर टाकलं, आमची कोणाला किंमत नाही. माझं दुःख उलटं आहे. मला कोणी टाकतच नव्हतं.

मला मंगरूळपीरच्या दर्ग्याच्या उरुसात विकत घेतलं. घेणारा शेतमजूर होता. त्याच्यासोबत त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा माणिक होता. इंझोरीच्या पलीकडं एक लहान खेडं आहे, तिथलं हे बौद्ध कुटुंब. बापानं मला ठोकून पाहिलं, झाकण चार वेळा लावलं आणि काढलं. मला वाटलं, काय नशीब, आता मी गावोगाव फिरणार!

फिरलो. त्याच वर्षी बापलेक शाळेच्या दाखल्यासाठी एका मोठ्या गावी गेले. काम दिवसभर लांबलं. माझ्यातल्या भाकरी दुपारीच संपल्या. पोराला समोरच्या हॉटेलातल्या भज्यांचा वास आला आणि तो हटून बसला. बाप त्याला घेऊन हॉटेलात शिरला. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "कोण गावचे? कोणाचे?" बापानं खरं सांगितलं. मग त्यांना मागच्या दारी लिंबाखाली बसवलं. तिथं खिळ्याला दोन कप टांगलेले होते, कान तुटलेले. चहा त्यात मिळाला. भजी कागदावर मिळाली. खाऊन झाल्यावर कप विसळून पुन्हा खिळ्याला लावायचे होते. पोरानं विसळले. मी त्याच्या काखेत होतो, म्हणून सांगतो. दोनदा विसळले, कोणी पुन्हा बोलावू नये म्हणून.

रस्त्याला लागल्यावर बाप एवढंच बोलला, "आपला डबा बरा."

हे वाक्य त्या घराचा कायदा झालं. लग्नाला जा, दवाखान्यात जा, नागपूरला दीक्षाभूमीवर जा, भाकरी माझ्यात. माणिकराव मोठे झाले, एका सरकारी कचेरीत शिपाई लागले. तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांना हॉटेलातून चहा आणून दिला आणि स्वतः दुपारी झाडाखाली बसून माझ्यातली भाकर खाल्ली. दर रविवारी ते मला चिंच आणि राखेनं घासत. लोक म्हणत, काय जपला आहे डबा! मला अभिमान वाटायचा. फार उशिरा कळलं की ते माझ्यावरचं प्रेम नव्हतं. ती भीती होती आणि मी तिचं चकचकीत झाकण होतो.

आता लिलाबाईंचं सांगतो. त्या माणिकरावांच्या पत्नी. एकवीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली. पहिल्या आठवड्यात अकरा पोरं घरून डबे घेऊन आली. का ते मला विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. माहीत नसेल तर घरी मोठ्यांना विचारा आणि ते काय थापा मारतात ते ऐका. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा डबा असण्याची लाज वाटली. शेजारच्या विजयमालाचा शिवम त्या अकरात होता. पुढं पोरंच कंटाळली, खिचडीचा वास त्यांना आवरेना, आणि ती मुकाट पंगतीत येऊन बसली. विजयमाला दोन वर्षांनी लिलाबाईंच्या हाताखाली त्याच चुलीवर कामाला आली. दोघींची मैत्री झाली. त्या जुन्या गोष्टीबद्दल विजयमालानं कधी माफी मागितली नाही आणि लिलाबाईंनी ती गोष्ट काढली नाही. मी काय बोलणार?

शाळेचं स्वयंपाकघर आणि सातवीचा वर्ग यांच्यामध्ये एक खिडकी होती. गुरुजी इतिहास शिकवत आणि लिलाबाई ढवळता ढवळता ऐकत. बुऱ्हाणपूर. मांडू. इंदूर. कोणी वेढा घातला, कोणी महाल बांधला, कोण कुठं मेलं. एकवीस वर्षांत तेच धडे त्यांनी एकवीस वेळा ऐकले. एकदा त्यांनी खिडकीतून विचारलंच, "गुरुजी, तठी लोक खात काय व्हते?" वर्ग हसला. गुरुजीही हसले. पुस्तकात नव्हतंच ते. महाल बांधणाऱ्याचं नाव आहे, त्याच्यासाठी भाकर थापणारीचं नाव कोणी लिहिलं? मी खात्रीनं सांगतो, ती उपाशीच झोपली असेल.

यंदा लिलाबाईंनी काम सोडलं आणि जाहीर केलं की त्यांना ती गावं पाहायची आहेत. पाहायची कमी, खायची जास्त. त्यांची मुलगी सपना अकोल्याच्या दवाखान्यात नर्स आहे. रविवारी ती घरी आली तेव्हा मायलेकींनी मोबाइल घेऊन बेत आखला. बुऱ्हाणपूरला दोन मुक्काम, कारण तिथं खव्याची काळसर जिलेबी मिळते. इंदूरला तीन, सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी भुट्ट्याचा कीस, आणि थंडीचे दिवस म्हणून तळलेला गराडू, तो एक कंद असतो. मध्ये महू, बाबासाहेबांचं जन्मगाव, तिथं डोकं टेकायचं. शेवटी मांडू, तिथं मक्याच्या पिठाचे पानिये पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात.

"दिवसाले एकच किल्ला," लिलाबाई म्हणाल्या. "पळापळी नाई पाह्यजे. दुपारी झोपाचं."

"माय, हे सहल हाय का पंगत?"

"पंगतच समज. अन या पंगतीत मी वाढनार नाई."

गाड्या कुठं बदलायच्या आणि मुक्कामी कधी पोचायचं, हे माणिकरावांवर सोपवलं. त्यांना गाड्यांचं वेड आहे. आठवडाभर ते चष्मा लावून बसले. इंदूरला कंपनीत असलेल्या भाच्याला, संघदीपला, त्यांनी तीनदा फोन केला. पुढच्या रविवारी सपनानं त्यांचा कागद मोठ्यानं वाचला.

"बुऱ्हाणपूर. स्टेशनाबाहेर नळ. किल्ल्याच्या पायऱ्या, उत्तर बाजूले सावली. भाकरी. इंदूर. बसस्थानकावर नळ दोन, एक बंद. बगिचात बाक. दशम्या. मांडू. तळं हाय, पन पाणी पेण्याजोगं नाई, बाटली भरून नेणे. दशम्या अन लोनचं." सपना हसत सुटली. "बाबा! तुमी संघदीपदादाले इंदूरचे नळ इचारले? तीनदा?"

"नळ बंद असला तं?" माणिकराव अगदी गंभीर होते.

मित्रांनो, हसू नका. हा माणूस मन लावून आपल्या बायकोच्या सहलीची तयारी करत होता. त्याला प्रवासाची तयारी म्हणजे हीच माहीत होती. सावली कुठं, पाणी कुठं, कोणाला काही न मागता डबा कुठं उघडता येईल. खाण्यासाठी निघालेल्या बाईला तो तीन ऐतिहासिक शहरांच्या पायऱ्यांवर बसवून घरचीच भाकर खाऊ घालणार होता.

लिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"एकवीस वर्स मी लोकायच्या लेकरायले वाढलं. घरी तुमाले वाढलं. मले एकदा बसाचं हाय. कोनीतरी येईन, माह्यासमोर ताट ठेवीन अन इचारीन, बाई, अजून पाह्यजे का? तेवढ्यासाठी चाल्ली मी. किल्ला गेला चुलीत."

"मी हॉटेलात नाई बसत."

"काहून?"

माणिकरावांनी कागदाची बारीक घडी घातली. मग म्हणाले, "नाव इचारते. लॉजवालाही इचारते. आडनाव लिहाले लावते."

"बाबा, आता कोनी नाई इचारत," सपना म्हणाली. आणि लगेच स्वतःच थांबली. पोरगी खोटं बोलण्यात कच्ची आहे. "इचारते. मले अकोल्यात खोली पाह्यताना तीन घरायनं इचारलं. चौथ्यानं देली. मंग मी काय फलाटावर राहू?"

तेव्हा माणिकरावांनी त्या लिंबाखालच्या कपांची गोष्ट सांगितली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, बायकोला ती माहीत नव्हती. सांगताना ते माझ्याकडं बघत होते, जणू मी साक्षीदार होतो. होतोच.

लिलाबाई उठल्या, त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "त्या हॉटेलवाल्यानं तुमाले एकदा बाहेर बसोलं. तव्हापासून तुमी सोताच बाहेर बसून राह्यले. त्याचं काम तुमी कायले करता, अजी?"

ते चहा प्याले आणि कागद खिशात ठेवला. 

निघायचा दिवस आला. पहाटे लिलाबाई आंघोळीला गेल्या तेव्हा माणिकरावांनी मला उचललं, रात्रीच्या दोन भाकरी आणि ठेचा भरला आणि थैलीच्या तळाशी कपड्यांखाली सारलं. एवढं बोलणं होऊनही. मला राग आला नाही. भीतीला ऐकलेलं उशिरा कळतं.

गावच्या फाट्यावर विजयमाला त्यांना पोचवायला आली होती. बस दिसली. लिलाबाईंनी थैलीजवळ वाकून वास घेतला.

"थैलीत काय हाय?"

"काई नाई."

"काई नाईले ठेच्याचा वास कसा येते?"

विजयमाला खुदकन हसली. माणिकरावांचं तोंड चोरी पकडलेल्या पोरासारखं झालं. "दोनच हायेत," ते म्हणाले. "अडीनडीले."

"न्या मंग. पन आयका. मी आत बसन, ताटावर. तुमी पायरीवर बसजा डबा घेऊन. या टायमाले मी पायरीवर येनार नाई. चाळीस वर्स आली."

बस थांबली. कंडक्टर ओरडला, "चला हो काका, मुहूर्त पाहून राह्यले का?" लिलाबाई चढल्या. मागं वळून पाहिलं नाही. माणिकराव खाली. त्यांचा हात थैलीत, माझ्या कडीवर. मला त्यांची नाडी लागत होती. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो, सोडा मला, बापाहो, सोडा!

त्यांनी मला बाहेर काढलं आणि विजयमालाच्या हातात दिलं. "ताई, घरी ठेवजा." मग ते चढले. खिडकीत बसल्यावर रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. कधी मांडीवर ठेवले, कधी गजाला धरले. बस गेली. भरलेला असून मी पहिल्यांदा मागं राहिलो.

विजयमालानं मला आपल्या घरी नेलं. दिवसभर मी तिच्या ओट्यावर होतो. सांजच्याला ती शेतातून आली, हातपाय धुतले, माझं झाकण उघडलं आणि लिलाबाईंच्या हातची भाकर ठेचा लावून खाऊ लागली. ज्या घरानं एकदा त्या हाताच्या खिचडीपासून आपलं पोर वाचवलं होतं, त्याच घराच्या ओट्यावर, चारचौघांदेखत. म्हणून सगळं माफ झालं का? डब्याला माफीचा अधिकार नाही. तो लिलाबाईंचा आहे.

भाकर अर्धी झाली तेव्हा फोन वाजला. हात ठेच्याचा, म्हणून विजयमालानं तो ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"विजे, पोचलो वं बुऱ्हाणपूरले."

"लॉज भेटला?"

"भेटला. त्यानं नाव इचारलं. यायनं सांगतलं. पुरं, आडनावासकट. असं मोठ्यानं, का बाजूच्या खोलीतला मानूस बाहेर आला."

"मंग?"

"मंग काय, चावी देली त्यानं. आता जिलेबीच्या दुकानात हावो. बाकड्यावर, आत." लिलाबाईंचा आवाज एकदम लहान झाला. "विजे, वाढनारं पोरगं इचारून राह्यलं, मांजी, और दूँ क्या? दोनदा इचारलं वं."

"तू काय म्हनलं?"

"मले उत्तरच नाई आलं. जल्मभर मीच इचारलं न. काय म्हनतेत अशा वक्ती, मलेच माईत नाई."

"अन भाऊ कुठी हायेत?"

"समोरच बसले. हे म्हनले त्याले, तिले दे. अन मलेही दे."

विजयमालानं फोन ठेवला आणि उरलेली भाकर पदरानं डोळे पुसत खाल्ली. ठेचा तिखट होता, असं ती म्हणेल.

मित्रांनो, रिवाजाप्रमाणे मी आता म्हणायला हवं की जुन्या वस्तू जपा. मी म्हणणार नाही. आवडीनं भाकर नेत असाल तर जरूर न्या, मी हजर आहे. पण भीतीनं नेत असाल तर मला माळ्यावर फेका, काळा पडू द्या. जपायचंच असेल तर तुमच्या दारात, दुकानात, पंगतीत येणारं माणूस जपा. त्याला भूक आहे का विचारा. अजून हवं का विचारा. तिसरा प्रश्न विचारायचा नाही.