मक्कासा

विद्याने केलेले भाषांतर उत्तम उतरले होते आणि उल्हास देवस्थळींना नेमके तेच सहन होत नव्हते.

जेवणाच्या टेबलावरचे ते पान त्यांनी तिसऱ्यांदा वाचले. त्यांच्याच मजल्यावर राहणाऱ्या शहाऐंशी वर्षांच्या इसोगाई-सान यांनी आठ वर्षांच्या असताना जनरल मॅकआर्थरला पत्र लिहिले होते आणि त्याचा कच्चा खर्डा आजवर जपून ठेवला होता. ‘सेनापती, माझे बाबा सैबेरियात कैदेत आहेत. तुम्ही सगळ्यांत मोठे आहात. त्यांना घरी पाठवायला सांगा. मी तुम्हाला माझी बाहुली देईन. तिचा एक हात तुटला आहे, पण किमोनोची बाही लांब असल्यामुळे तो दिसत नाही.’

उल्हासराव मुंबईहून बदलीवर आलेले बँक अधिकारी. योकोहामाच्या मराठी मंडळात दर हिवाळ्यात ते एकेका अमेरिकन सेनानीवर व्याख्यान देत. वॉशिंग्टन, ग्रँट, पर्शिंग, आयझेनहॉवर झाले होते. येत्या रविवारी मॅकआर्थर. महायुद्धात हरलेल्या जपानचा कारभार हाती घ्यायला उतरल्यावर ज्याने पहिला मुक्काम याच शहरात केला, त्या माणसासाठी त्यांनी दोन वर्षांत चाळीस पुस्तके वाचली होती. सगळी इंग्रजी. जपानी भाषा त्यांना येत नव्हती आणि बँकेत तिच्यावाचून अडतही नसे. त्यांची बायको विद्या मात्र स्टेशनजवळच्या दुकानात तीन वर्षे बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे भरता भरता ती बोलायला आणि वाचायला शिकली होती.

“कसं झालंय?” विद्याने विचारले.

“‘सेनापती’ चूक आहे. पाच ताऱ्यांचा जनरल होता तो. नुसतं सेनापती म्हणून कसं चालेल?”

“आठ वर्षांची पोर तारे कुठे मोजत बसणार, अहो!” ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, “रविवारी मी वाचू का हे? दहाच मिनिटं.”

“वेळ बघू.”

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या गीताताईंचा फोन आला. पत्राची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. “उल्हासराव, विद्याताई वाचतील ना? लोक फार उत्सुक आहेत हो.”

उल्हासरावांना ‘उत्सुक’ हा शब्द लागला. चार वर्षांत तो त्यांच्या व्याख्यानाबद्दल कोणी वापरला नव्हता. “ती नाही म्हणते,” ते म्हणाले. “चारचौघांत बोलायला लाजते.”

फोन ठेवल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले. विद्या रविवारसाठी काढलेल्या साडीला इस्त्री करत होती. वाईट वाटायला हवे होते, आणि वाटलेही. पण त्याहून जास्त सुटल्यासारखे वाटले.

शुक्रवारी संध्याकाळी ती दारातूनच हसत आत आली.

“अहो, तुम्ही इसोगाई-सानची माफी कशाबद्दल मागता?”

“मी? कधी?”

“दोन वर्षं. दर कचऱ्याच्या दिवशी. त्या म्हणाल्या, तुमचे मिस्टर फार सभ्य आहेत, पण काही बोलायला गेलं की कमरेत वाकून सुमिमासेन म्हणतात आणि पळतात.”

“त्या तक्रार करत होत्या,” उल्हासराव म्हणाले. “पिशवीकडे बोट दाखवून ‘मक्का, मक्का’ म्हणायच्या. मला वाटलं, तो शब्द तुझ्याकडूनच शिकल्या. आरपार दिसणारी पिशवी, आत खाल्लेली कणसं. इथले कचऱ्याचे नियम तुला ठाऊकच आहेत. तेव्हापासून मी कणसं कागदात गुंडाळून टाकतो.”

विद्या चपला न काढताच उंबऱ्यावर बसली. “मक्का नाही हो. मक्कासा!”

“म्हणजे?”

“मॅकआर्थर! इथे त्याला मक्कासाच म्हणतात. तुमच्या काखेत ती फाइल असते ना, वर त्याचा फोटो लावलेली? बोट तिच्याकडे होतं.” हसून तिच्या डोळ्यांत पाणी आले. “पत्र आधी तुम्हालाच दाखवायचं होतं त्यांना. तुम्ही काही थांबेनात, म्हणून शेवटी मला दिलं.”

उल्हासराव हसले नाहीत. फोटोतल्या सेनानीच्या तोंडातला पाइपसुद्धा मक्याच्या कणसाचाच होता. त्याचा सगळा इतिहास त्यांना पाठ होता. इतके दिवस ते मनातल्या मनात म्हणत होते की विद्याला ते पत्र आयते मिळाले. तेच पत्र दोन वर्षे त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनाच हाक मारत होते.

त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. “गीताताई, परवा मी खोटं बोललो. विद्याला मी विचारलंच नव्हतं. ती वाचेल.”

“बरं. मग तुमचं व्याख्यान अर्ध्या तासाचं करू?”

“चाळीस मिनिटांचं,” उल्हासराव घाईने म्हणाले.

विद्याचे हसू मावळले होते. “मी नाही म्हणाले, असं सांगितलं होतंत?”

“हो.”

टेबलावरचे पान उचलून तिने आपल्या पर्समध्ये ठेवले. पुढचे दोन दिवस ते तिने त्यांना दाखवले नाही.

रविवारी इसोगाई-सान पहिल्या रांगेत बसल्या होत्या. उल्हासरावांचे व्याख्यान नीट झाले, टाळ्याही पडल्या. मग विद्याने पत्र वाचले. ‘सेनापती’ तिने तसाच ठेवला होता. बाहुलीच्या हातापाशी सभागृहातली कुजबुज थांबली आणि उल्हासरावांना ती शांतता बोचली. इतकी शांतता त्यांच्या चाळीस मिनिटांत एकदाही झाली नव्हती.

“मग वडील आले का?” मागून कोणीतरी विचारले.

“दोन वर्षांनी आले,” विद्या म्हणाली. “त्या म्हणतात, मक्कासांनीच पाठवले.”

ते एकच नाव कळल्यामुळे इसोगाई-साननी मान डोलावली.

एक तरुण इंजिनियर उल्हासरावांकडे वळला. “खरंच का हो, सर? त्यानं आणलं त्यांना?”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते कैदी रशियाच्या ताब्यात होते. सैबेरियात मॅकआर्थरचा हुकूम चालत नव्हता. पुस्तकाच्या नावासकट वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होते. विद्यानेही ते ओळखले असावे. तिने कागद दोन्ही हातांनी धरला होता.

“हिला विचारा,” उल्हासराव म्हणाले. “पत्र हिनं वाचलंय.”

विद्याने त्यांच्याकडे पाहिले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. मग ती श्रोत्यांकडे वळली. “ते मला नाही सांगता येणार. पण बाहुली मात्र त्यानं मागितली नाही. ती अजून इसोगाई-सानकडेच आहे.”

सगळे हसले. उल्हासरावही हसले, जरा उशिराने.