संयुक्त अर्ज

तिने सरळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. ग्राइंडर कण्हत कण्हत थांबला आणि ताडपत्रीच्या पडद्यापलीकडून दिराचा आवाज आला.

"मेन कोणी बंद केला?"

"मी."

"सांगून करत जा."

"तुम्ही धूळ सांगून उडवता का, भावजी?"

फळीवर तिचे वाडगे ओळीने मांडलेले होते. सकाळीच त्यांना ग्लेझचा, म्हणजे झिलईचा, लेप दिला होता, तो अजून पुरता वाळलाही नव्हता. त्यावर संगमरवराची पांढरी भुकटी बसली होती. पुसावी तर लेप निघणार, ठेवावी तर भट्टीत डाग उठणार. तिने एक वाडगा उचलला, उजेडात धरला आणि पुन्हा खाली ठेवला.

पडदा बाजूला झाला. दीर भुवयांपर्यंत पांढरा झाला होता. त्याने वाडग्यांकडे पाहिलं.

"परवा मुलाखत आहे," ती म्हणाली. "प्रतिष्ठानातून फोन आला होता. दोघांना बोलावलंय."

"मी येणार म्हणून कोणी सांगितलं त्यांना?"

"तुमच्या सहीने."

अर्जावर सही त्याने केली होती हे खरं. न वाचता केली होती, हेही तितकंच खरं. कार्यशाळेच्या मालकाला जागा पाडून गोदाम बांधायचं होतं. पुढच्या काही वर्षांचं भाडं एकदम मिळालं तर थांबेन, असं तो म्हणाला होता. एवढी रक्कम देणारं अनुदान शोधून शोधून एकच सापडलं, या प्रतिष्ठानाचं, आणि तेही फक्त एका छपराखाली मिळून काम करणाऱ्या कलावंतांसाठी. एकट्यादुकट्याला तिथे थारा नव्हता. छप्पर त्यांचं एकच होतं. मिळून काम करण्याचं म्हणाल, तर त्या दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

याची सुरुवात झाली काही वर्षांपूर्वी, चाकावर भांडी घडवणारा तिचा नवरा गेला तेव्हा. भेटायला आलेली माणसं अजून घरात बसलेली होती आणि दिराने तिला विचारलं होतं, "आता भट्टी कोण पेटवणार?" त्याला कदाचित खरोखरच जाणून घ्यायचं असेल. तिला मात्र त्यात जागा मोकळी करून घेण्याची घाई ऐकू आली. "मी," ती म्हणाली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिने ताडपत्री विकत आणली आणि कार्यशाळेच्या मधोमध टांगली.

मुलाखतीच्या दिवशी बसमध्ये दीर पुढच्या बाकावर बसला, ती मागच्या. अर्ध्या रस्त्यात त्याने मान न वळवता विचारलं, "माझ्याबद्दल अर्जात काय लिहिलंय?"

"समजूतदार आहात, असं."

"खोटी माहिती दिली तर अनुदान परत घेतात."

"तेवढी एकच दिलीय."

प्रतिष्ठानाची इमारत नवी होती. काचेच्या खोलीत लांब टेबलापलीकडे दोघं बसले होते. एक अध्यक्षबाई, केस आखूड कापलेल्या, आवाजाने मऊ. दुसरे जाड चष्म्याचे समीक्षक. त्यांनी पूर्वी एका मासिकात दिराच्या शिल्पांवर लेख लिहिला होता. त्या लेखाचं कात्रण दिराने कार्यशाळेत आपल्या बाजूच्या खांबाला चिकटवलं होतं. ते तिला दिसावं म्हणूनच चिकटवलंय, याबद्दल तिला शंका नव्हती.

"आमची एक पद्धत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपल्या कामाबद्दल सगळेच छान बोलतात. म्हणून आम्ही सोबत्याच्या कामाबद्दल विचारतो. तुम्ही सुरुवात कराल का, बाई?"

तिने चार वाक्यं पाठ केली होती. दगडाशी प्रामाणिक, परंपरेचं भान, वगैरे. त्यातलं पहिलं तिने म्हटलं. दुसऱ्याच्या आधी समीक्षक पुढे झुकले.

"यांच्या अलीकडच्या शिल्पांतली अपूर्णता मला फार महत्त्वाची वाटते. चेहरा येतो येतो आणि थांबतो. डोळे, ओठ दगडातच राहतात. हे धाडस यांच्यात कुठून आलं असेल, असं तुम्हाला वाटतं?"

तोंडात आलेलं वाक्य तिने गिळलं. तिला खरोखर जपून बोलायचं होतं.

"वहिनींना नका विचारू," दीर खुर्चीत मागे रेलत म्हणाला. "त्यांचं जग वाडगे आणि बरण्यांचं. दगडातलं त्यांना काय कळणार?"

तो हसलाही. समीक्षकही त्याच्याबरोबर थोडंसं हसले.

"धाडस नाही ते," ती म्हणाली. "यांचा हात कापतो."

ती समीक्षकांकडे वळली.

"उजवा. गेल्या हिवाळ्यापासून. मोठी छिन्नी चालते, कारण तिथे खांद्याचा जोर लागतो. बारीक छिन्नी घेतली की टोक स्थिर राहत नाही. डोळ्याची रेघ काढायला जातात, दोनदा तीनदा टेकवून बघतात आणि हत्यार खाली ठेवतात. मग ग्राइंडर लावतात, म्हणजे पलीकडे वाटावं की काम चाललंय. ओठ दगडात राहतात ते राहू दिलेले नाहीत. यांना ते काढता येत नाहीत."

समीक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अध्यक्षबाईंनी दिराकडे पाहिलं.

दिराचा चेहरा उतरला नाही, उलट ताठ झाला. त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"माझी पाळी ना आता?" त्याने विचारलं.

"तुम्हाला हवं तर," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अर्जासोबत यांनी वाडग्यांचे फोटो दिलेत. त्यांचे काठ बघा. प्रत्येक काठ किंचित डावीकडे कललेला आहे. माझा भाऊ डावखुरा होता. तो चाक उलट्या बाजूने फिरवायचा, म्हणून त्याच्या हातून काठ तसा उतरायचा. वहिनी उजव्या हाताच्या आहेत. त्यांच्या हातून तो तसा येणं शक्य नाही. त्या मुद्दाम चाक उलटं फिरवतात आणि तो कल आणतात. भाऊ गेल्यापासून यांनी स्वतःचं एकही भांडं केलेलं नाही. ज्या कामासाठी तुम्ही पैसे देणार आहात, ते काम करणारा माणूस मेलेला आहे."

ती उठली. पर्स घेतली, खुर्ची आत सरकवली आणि दार हलकेच लावून बाहेर पडली. दीर थोड्या वेळाने आला. परतीच्या बसमध्ये तो मागच्या बाकावर बसला, ती पुढच्या.

उत्तर पावसाळा सरता सरता आलं. प्रस्तावाचा गांभीर्याने विचार झाला होता, पण अर्जदारांमध्ये अपेक्षित सहकार्यभाव आढळला नव्हता. पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या. दिराने फोनवरचा मजकूर पडद्याआडून मोठ्याने वाचून दाखवला.

"तोंडघशी पाडलंत," तो म्हणाला.

"दोघांनाही."

"हो. त्याबाबत सहकार्यभाव होता."

ती माती मळत होती. मळायची थांबली नाही. वर्ष संपताना जागा सोडावी लागणार, हे आता नक्की झालं. तिला एका शाळेत मुलांना शिकवायच्या बदल्यात कोपऱ्यातली खोली मिळत होती. दिराच्या ओळखीच्या एका पाथरवटाचं आवार होतं, तिथे त्याचे दगड राहणार होते. त्याबद्दल दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांनाही ते मालकाच्या माणसाकडून कळलं.

ग्राइंडर मात्र आता कमी वाजायचा. कधीकधी पलीकडे दिवसभर काहीच ऐकू यायचं नाही. अशाच एका दुपारी तिने पडदा सारला. दीर एका न घडवलेल्या दगडावर बसला होता. उजवा हात मांडीवर उघडा पडला होता आणि आपल्यापुरता हलत होता. ती आली म्हणून त्याने तो झाकला नाही.

"डॉक्टरकडे गेलात?"

"जाऊन आलो."

"काय म्हणाले?"

"तुम्ही म्हणालात तेच. फक्त फी घेतली."

ती परत जायला वळली, पण गेली नाही.

"त्या काठाचं," तिने विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"तुम्ही पहिली भट्टी उघडलीत तेव्हा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? बाकी बोलायला तर कधी कमी केलं नाहीत."

दिराने समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"फळीवर वाडगे दिसायचे," तो म्हणाला. "सकाळी दार उघडलं की आधी तेच दिसायचे. वाटायचं, चालू आहे ते चालू दे." मग पूर्वीच्याच आवाजात म्हणाला, "तुम्हाला भांडायला दुसरं कारण नाही का? कामाला लागा."

"लागतेच आहे," ती म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

त्या आठवड्यात तिने चाकाची दिशा बदलली. इतकी वर्षं हाताला उलट्या फिरण्याची सवय झाली होती. सुलट्या चाकावर माती तिला जुमानेना. पहिला गोळा मध्यावरच येईना. दुसरा वर चढता चढता कमरेत बसला. तिने तो तारेने कापून पुन्हा मळला. नवऱ्याशेजारी बसायच्या आधी, शिकत असताना, ती याच दिशेने फिरवायची. तेव्हा आपण काय करत होतो, ते तिला आठवेना. मोठ्या पोटाच्या बरण्या करायचो की आणखी काही? त्यातली एकही कुठे उरलेली नव्हती. एकदा तिने रागाने माती भिंतीवर मारली. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, शब्द मात्र आला नाही.

शेवटची भट्टी तिने जागा सोडायच्या थोडे दिवस आधी लावली. त्या भट्टीत एकच भांडं तिचं होतं. बाकी जागा तिने शाळेतल्या मुलांच्या विटांसारख्या जाड पेल्यांना दिली. भट्टी थंड झाल्यावर तिने दार उघडलं, मुलांचे पेले बाहेर काढून रांगेत ठेवले आणि सगळ्यांत शेवटी ते भांडं काढलं. उंच होतं, पोटात नको तिथे फुगलेलं. गळा आखूड राहिला होता. एका बाजूला ग्लेझ ओघळून पायथ्याशी गोठला होता. काठ सरळ होता, पण तेवढंच.

तिने ते टेबलावर ठेवलं आणि हात पुसत मागे सरली.

दीर सामान बांधत होता. दोरी तशीच टाकून तो अलीकडे आला. टेबलाभोवती एक फेरी मारली. वाकून पायथा पाहिला. मग ते भांडं दोन्ही हातांनी उचललं. त्याच्या हातात ते थरथरत होतं, आणि ती नकळत अर्धं पाऊल पुढे आली. त्याने ते सावकाश फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि न पाडता खाली ठेवलं.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"वाईट आहे."

तिने मान हलवली. मालकाच्या माणसाने बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजवला. दोघांपैकी कोणीही तिकडे पाहिलं नाही.

"किती वाईट?"

दिराने पायानेच एक स्टूल ओढून तिच्या दिशेने सरकवलं.

"बसा," तो म्हणाला. "वेळ लागेल."