तोटीचा दिवा

भंगारातून आणलेली पितळी तोटी माझ्यापुढे ठेवत अक्षरा म्हणाली, "आप्पा, हिच्यातून पाण्याच्या जागी उजेड पडला तर?"

मुखेडच्या शाळेत मी तीस वर्षं कार्यानुभव शिकवला. निवृत्तीनंतर लातूरला लेकाकडे आलो, तरी गल्लीतली पोरं माझ्या हत्यारांची पेटी सोडत नाहीत. अक्षरा शेजारच्या गुरम्माबाईंची नात, सातवीत. गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिची पवनचक्की परीक्षकांसमोर फिरलीच नाही. तेव्हापासून वर्गातला रुद्रेश रोज विचारतो, "काय गं, वारं सुटलं का?"

"यंदा हा दिवा पेटला न्हाई तर पुन्हा कशालाच हात लावणार न्हाई मी," ती म्हणाली. मला त्या वाक्याचीच काळजी लागली.

"आधी सांग, तोटी उघडली की आत काय होतं?"

तिनं तोटी खोलली. मूठ फिरवली की आतली दांडी वर जाते, बंद केली की खाली बसते. हे तिचं तिलाच दिसू दिलं. मग ती पळत जाऊन आमच्या मोडक्या फ्रिजच्या दारातलं बटण काढून घेऊन आली. दार लागलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो, दार उघडलं की पेटतो.

"दांडीनं हेच दाबायचं, आप्पा!"

बुडाला पाण्याच्या मोटारीचं लोखंडी झाकण, त्यावर उभा पाइप, पाइपाला तोटी. तोटीच्या तोंडाशी लोंबता थेंब म्हणून मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब. वीज जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमधून. एकदा वायर चिमटली, एकदा बटण तिरपं बसलं. तिसऱ्यांदा मूठ फिरवताच थेंब उजळला.

गुरम्माबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. "हाय त्या तोटीला पाणी न्हाई, अन् ही दुसरी करून राहिली!"

मी एकच नियम घालून दिला, "हात काढायच्या आधी तोटी बंद करायची."

"हाव आप्पा."

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक मंजुश्री मॅडम अक्षराच्या टेबलापाशी आल्या आणि लाइट गेली. अक्षरानं मूठ फिरवली. काही नाही.

"काय गं, पाणी आलं का?" मागून रुद्रेश.

"लाइट नाही, त्यात तुझा काय दोष? आकृती दाखव," मॅडम म्हणाल्या. अक्षरानं वही उघडून कसंबसं सांगितलं. मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या. ती खाली बसून वही पिशवीत कोंबू लागली. तोटी तशीच उघडी.

मी वर्गाच्या दारात उभा होतो. नियम मोडलेला मला तिथून दिसला, पण नवल वाटलं नाही. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतात, कधी ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून कोरडी तोटी कुणी बंद करत नाही. खाली बादली ठेवायची आणि तोटी उघडी सोडायची. तिच्या हातानं घरातलंच केलं होतं.

मी बंद करायला गेलो, तर ती मान वर न करता म्हणाली, "राहू द्या की. आता काय फरक पडतो?"

मी हात मागे घेतला.

पाचेक मिनिटांनी पंखे कुरकुरले. बाकीची पोरं बटणं चाचपायला लागली. अक्षराच्या तोटीखाली थेंब आपोआप पेटला होता. तो आधी दिसला रुद्रेशला.

"अक्षरे, आलं! आलं बघ!"

आमच्या गल्लीतली दोन पोरं सवयीनं ओरडली, "नळ आले!" वर्ग हसला. मंजुश्री मॅडम परत फिरल्या. त्यांनी स्वतः तोटी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

"मघापासून उघडी का ठेवली होतीस?"

"आमच्या घरी अशीच ठेवतात, मॅडम. न्हाईतर आल्याचं कळत न्हाई."

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. तोटीचा दिवा आता गुरम्माबाईंच्या मोरीच्या कट्ट्यावर आहे. जाता-येता त्या तो बंद करतात, "उजेड सांडू नको गं," म्हणतात. बाजूची खरी तोटी मात्र बादलीवर उघडीच असते.

काल अक्षरा आली ती काखेत काहीतरी मोडकं घेऊन. माझी पेटी पुढ्यात ओढत म्हणाली, "आप्पा, ही पवनचक्की कामून फिरली नसंल?"