मशेरीशी माझं वैर

मी दाढ बोलतेय. देवबागच्या तुळसाची, खालच्या जबड्यातली, उजवीकडची. माझं बोलणं कडू वाटलं तर वाटू दे. रक्तापुवात उभं राहून गोड बोलणं मला जमत नाही.

उमेदीत मी काय कमी फोडलं? कुर्ल्यांचे डेंगे, सुक्या बांगड्याचे काटे, सगळ्याचा चुराडा केला. पण तुळसाला मशेरी लावल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटायचंच नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर खसाखसा घासायची.

सून संचिताने ब्रश आणून दिला. पहिल्याच दिवशी रक्त आलं. तुळसाने तो परसात भिरकावला.

"ब्रशान रगात येता. मशेरीन कसा बरा वाटता," म्हणाली.

बरं वाटतंय, डोंबल! तंबाखूने हिरडी बधिर व्हायची, एवढंच. खाली माझ्या मुळाला दगडासारखं कीटण चढत होतं, पू साचत होता आणि ज्या हाडात मी रुतलेय ते हाड झिजत होतं.

शेजारची दाढ आधी डगमगली. तुळसाचा नवरा बाबली होडीच्या इंजिनाची पक्कड घेऊन आला. तिच्या खांद्यावर गुडघा रोवून त्याने हिसका मारला. दाढ कडकन तुटली, मूळ आतच राहिलं. तुळसाचा पदर रक्ताने भिजला. दोन दिवसांत गाल सुजून डोळा मिटला, अंगात ताप भरला. तरी हा बाबा पुन्हा पक्कड घेऊन हजर.

"ही पण हलता. काढून टाकतंय."

संचिताने त्याचं मनगट पिरगाळलं. पक्कड खाली पडली.

"बाबानू, परत हात लावल्यात तर माझ्याशी गाठ आसा," ती म्हणाली आणि सासूला रिक्षात घालून मालवणला घेऊन गेली.

दातांच्या डॉक्टर भक्तीने सुई टोचून ते तुटकं मूळ उपसलं. औषधाने सूज उतरल्यावर पुन्हा बोलावलं आणि माझ्याकडे वळली. हिरडीखाली हत्यार घालून कीटण खरवडलं. मी मुळापासून हादरले.

"मावशी, रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडी सडतेय म्हणून येतं. मशेरी बंद करा, मऊ ब्रशने रोज घासा. झिजलेलं हाड परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल."

"आणि हलता ती?"

"तुम्ही राखलीत तर राहील."

दुसऱ्या दिवशी न्हाणीत तुळसाने नवा मऊ ब्रश फिरवला. थुंकी लाल झाली. तिचा हात थांबला. मला इतकी भीती पकडीचीही वाटली नव्हती. बये, रक्ताला भिऊन हात आखडू नकोस. मला अजून तुझ्या तोंडात राहायचंय.

"येवंदे रगात," तुळसा म्हणाली आणि तिने ब्रश पुन्हा माझ्यावर टेकवला.