दोन राखणी एकदम

राजेश्वरीच्या सासूबाई बनुबाई कुणाला हुकूम सोडत नसत. त्या नुसतं सांगून ठेवत. "कुरडया वाळूस्तोर जरा वर बस गं. वानरं लय माजल्यात. तुझं कॉम्प्युटरचं बसूनच तर करायचं हाय, तितं कर." त्यातला 'जरा' फार फसवा होता. कुरडया झाल्या की सांडगे, सांडगे झाले की पापड, आणि पापड संपायच्या आत कुणीतरी चुलतजाऊ आपलं वाळवण घेऊन यायची, कारण बनुबाईंच्या गच्चीवर ऊन चांगलं आणि राखणीला सून घरातच.

म्हणून साताऱ्यात, गोडोलीतल्या त्या गच्चीवर, जिन्याच्या माथ्यावरच्या पत्र्याखाली राजेश्वरी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, हाताशी काठी. समोर जुन्या लुगड्यावर कुरडयांची पांढरी चाकं आणि त्यामागं अजिंक्यतारा. वानरं तिकडूनच यायची.

राजेश्वरी मूळची कवठे महांकाळची. लग्नाआधी रोज सकाळची एसटी धरून ती सांगलीत विश्रामबागेतल्या ऑफिसात जायची. खिडकीपाशी तिचं टेबल होतं आणि दुपारी चारला खालच्या गाड्यावर चहा व्हायचा. मग लग्न झालं. नवरा ऋषिराज फौजेत, त्याचं पोस्टिंग पंजाबात. सासूबाई एकट्या, त्यांचे गुडघे दुखरे. ऑफिसचा मालक निमिष भला माणूस, त्यानं घरून काम करायची मुभा दिली. सगळे म्हणाले, नशीब काढलंस पोरी. दोन वर्षं ती हे नशीब भोगत होती. मंडई, देऊळ आणि गुडघ्याचे डॉक्टर सोडले तर तिनं उंबरा ओलांडला नव्हता, आणि कधी कधी भर दुपारी तिला उगाचच दार उघडून रस्त्यापर्यंत जाऊन परत यावंसं वाटायचं. जीव कोंडायचा, दुसरं काही नाही.

पण आज गोष्ट वेगळी होती. शिरवळच्या एका कारखान्यासाठी तिनं मालाच्या नोंदींची वेबसाइट बनवली होती. दुपारी कारखान्याचे साहेब ऑनलाइन बघणार होते, बदल सुचवणार होते आणि ते बदल तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचे होते. निमिष म्हणाला होता, "हे नीट पार पडलं तर त्यांना कारखान्यात बसायला आपलं एक माणूस लागेल. साताऱ्याहून कंपनीची बस जाते. तुमचंच नाव देतो." राजेश्वरीनं त्याच संध्याकाळी नवा डबा आणला, तीन कप्प्यांचा, आणि साड्यांच्या कपाटात लपवून ठेवला.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "जा की, मी कुठं नको म्हणतोय? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग जा." बनुबाईंनाही हरकत नव्हतीच. "जा बाई. वाळवणं उरकू देत, मग जा."

अडचण एकच होती, आणि ती सकाळपासून तिचा जीव खात होती. वेबसाइट बांधायचं जे जुनं साधन ऑफिसात वापरत, त्याला फायलींवर राखण ठेवायला सांगता येई. फाइल बदलली रे बदलली की साधन ते टिपणार आणि लगेच पान नव्यानं बांधून पडद्यावर आणणार. राजेश्वरीला दोन राखणी हव्या होत्या: एक रंगरूपाच्या फायलींवर, दुसरी हिशेब करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फायलींवर. दोन्ही तिनं लिहिल्या होत्या. रंग बदलला की पान झटक्यात बदले. हिशेबाची फाइल बदलली की मात्र पान ढिम्म. वर चूक म्हणून एक ओळ दाखवेल तर शपथ. लाल अक्षरं आली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"आत्ती, पाणी घ्या," म्हणून तिनं जिना चढून आलेल्या बनुबाईंना तांब्या दिला. बनुबाई कठड्याला टेकून दम खात बसल्या आणि नेहमीसारखी त्यांची यादी सुरू झाली. "ह्ये उरकलं की मग मसाला. मग गुडघ्याचं. मग भाऊसोच्या पोरीचं लगीन. मग तुजं बगू शिरवळचं."

राजेश्वरीचा हात थांबला. तिनं लॅपटॉपवरची आपलीच ओळ पुन्हा वाचली. तिनं लिहिलं होतं: ही राखण कर, मग ती राखण कर. आणि राखण कधी संपते का? पहिली संपत नव्हती म्हणून साधन तिथंच बसून राहिलं होतं, आणि दुसरी रांगेत गुमान उभी होती. चूक दाखवणार कशी? त्याच्या दृष्टीनं सगळं सुरळीतच चाललं होतं. या घरात दोन वर्षं राहून आपण प्रोग्रामही याच घरासारखा लिहिला, हे कळून तिला हसू आलं आणि आपलाच रागही आला.

तिनं ते 'मग' काढून टाकलं. दोन्ही राखणी वेगवेगळ्या सोडल्या, एकाच वेळी, एकीनं दुसरीची वाट बघायची नाही अशा. हिशेबाच्या फाइलीत आकडा बदलला. पान हललं. रंग बदलला. तेही हललं.

"आत्ती, चाललं!"

"व्हय?" बनुबाईंनी कौतुकानं लॅपटॉपकडं पाहिलं. "मग आता कुरडया उलटून घे."

दुपारी मीटिंग फार छान झाली. साहेब म्हणाले हा रकाना इकडं हवा, गेला. म्हणाले कराचा हिशेब वेगळा हवा, झाला. त्यांचं बोलणं चालू असतानाच कठड्यावर एक थोराड वानर उतरलं. राजेश्वरीनं आवाज बंद केला, काठी उचलली, त्याला पिटाळलं, परत येऊन साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. कुणाला पत्ताही लागला नाही. तिची छाती फुगली. गेल्या दोन वर्षांत इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं.

मीटिंग संपल्यावर थोड्या वेळानं निमिषचा फोन आला. "कमाल केलीत राजेश्वरी."

आणि तिथं तिला गप्प बसवेना. "सर, गंमत सांगू? मधेच मी वानर हाकलून आले. सासूबाईंच्या कुरडया राखतेय गच्चीवर."

निमिष खो खो हसला. "काय सांगता! म्हणजे तुम्हाला घरून सगळं एकदम जमतंय की. खरं सांगू, साहेबही तेच म्हणत होते. इतकं पटापट होतंय तर शिरवळला माणूस कशाला बसवायचा? तुम्ही आहात तिथंच बरं आहात. रोजची बसची दगदग वाचली तुमची."

"सर, पण मला..."

"थँक्यू हं. सासूबाईंना सांगा, कुरडया पाठवा ऑफिसला."

फोन बंद झाला. खालून बनुबाईंनी विचारलं, "काय म्हनलं सायेब?"

"घरूनच करा म्हणाले."

"बरं झालं बाई," बनुबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती की राजेश्वरीला त्यांच्यावर चिडताही येईना. एकटीनं राहायची म्हातारीला भीती वाटायची, ते तिला ठाऊक होतं. "आता दोन्ही हुतंय न्हवं एकदम? मी जरा पडते."

लॅपटॉपवर दोन्ही राखणी इमानानं चालल्या होत्या. थोड्या वेळानं कठड्यावर ते वानर परत आलं. मागून दुसरं, पोटाशी पिल्लू धरलेलं. राजेश्वरीनं त्यांना पाहिलं. काठी पायाशी होती. वानर लुगड्यावर उतरलं, एक कुरडई उचलून उलटसुलट पाहिली आणि कडाकडा खाऊ लागलं. मग दुसरी. मग ती तिघं लुगड्याच्या मधोमध ऐसपैस बसली.

"पोरी," खालून झोपाळलेला आवाज आला, "हायस न्हवं वर? लक्ष हाय न्हवं?"

"हाय, आत्ती," राजेश्वरी म्हणाली, आणि काठीला हात न लावता बघत राहिली.